बोटीच्या अर्जातली तुझी ओळ

मयताचे नाव : दत्ताराम यशवंत तांडेल, इंजिन मेकॅनिक, सरकारी आरोग्यकेंद्राची बोट.

ठिकाण : खोर सिद्रा, मुसंदम. ओमानच्या उत्तर टोकाला, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात वसलेले गाव. रस्ता नाही. जाणेयेणे पाण्यावरून.

वार व वेळ : मंगळवार, सकाळी न्याहारीनंतर. वारा वायव्येचा, ज्याला तिकडे शमाल म्हणतात.

साक्षीदार : (१) लिसी सिस्टर, आरोग्यकेंद्राच्या परिचारिका, मूळ राहणार केरळ. (२) सालिमचाचा, मच्छीमार, गावातले वडीलधारे. (३) प्रस्तुत लेखक. हा जागेवर हजर नव्हता, तरीही साक्षीदार आहे. कारण पुढे येईल.

लेखकाचा प्रकरणाशी संबंध : (तूर्त कोरे.)

दत्ताराम, हात सवयीने वळला आणि रकाने आधी आखून झाले. तू असतास तर म्हणाला असतास, "वकीलानू, माणूस मेलो तरी तुमची पट्टी काय सुटना नाय." खरे आहे, सुटत नाही. तुझी बातमी आल्यापासून मी एकाही माणसाचा अर्ज लिहिलेला नाही. मस्कतमधल्या दार्सैतच्या टायपिंग सेंटरमधले माझे कोपऱ्यातले टेबल, शाईचे पॅड, मायन्यांची वही, सगळे जागच्या जागी आहे. लोक येतात. कोणाला रजेचा अर्ज हवा असतो, कोणाचा पासपोर्ट हरवलेला असतो. मी त्यांना सांगतो की प्रकृती बरी नाही. माझ्या प्रकृतीला काहीही झालेले नाही. कागद पुढे ओढला की पेन सरळ शेवटच्या ओळीकडे जाते, आणि शेवटच्या ओळीवर मला तुझे बोट दिसते. जाड, ग्रीस मुरलेले, नखाच्या कडेने कायमचे काळे. त्या बोटाविषयीच मला लिहायचे आहे. परंतु प्रत्येक प्रकरणाला पूर्वपीठिका असते आणि ती ओलांडून मुद्द्यावर उडी मारणे मला जमत नाही. तेवढी सवलत दे.

तू सातवीपर्यंत शिकलास, मी नववीपर्यंत. या दोन इयत्तांच्या उंचीवर मी आयुष्यभर उभा राहिलो. एकाच तालुक्यातले आपण, पण ओळख झाली ती इथे, रुवीच्या एका खानावळीत, जेव्हा तू माझ्यासमोर येऊन बसलास आणि म्हणालास, "तुमीच काय ते अर्ज लिवणारे? माका उत्तरेक धाडतत. तां थांबवा." मी तो अर्ज फार मन लावून लिहिला होता. "सदर बदली अर्जदाराच्या कौटुंबिक परिस्थितीस प्रतिकूल असल्याकारणाने" हे वाक्य मी तीन वेळा घोटून बसवले होते. अर्ज नामंजूर झाला. तू उत्तरेला गेलास आणि वर्षभराने आलास तो खजुराची टोपली घेऊन, माझे आभार मानायला. "बरां झाला तुमचो अर्ज पडलो. माका गाव गावलो." माझा कोणताही अर्ज मंजूर झाल्यावर कोणी माझ्याशी इतक्या मायेने बोललेले नाही. त्या दिवसापासून तू मला चेष्टेत वकीलानू म्हणू लागलास आणि अहोजाहो करू लागलास, आणि काही मनातले बोलायचे असेल तेव्हा अरेतुरे. मी तुला कायम प्रमाण भाषेत उत्तर दिले. आता वाटते की एकदा तरी मालवणीत बोलायला हवे होते. येत नव्हती असे नाही. माझी आईही तीच बोलत होती.

खोर सिद्राला मी कधीच आलो नाही. तू बोलावलेस, मी कामाचे सांगितले. म्हणून ते गाव मला फक्त तुझ्या तोंडून माहीत आहे. पंचवीसतीस घरे, बकऱ्या, दगडांच्या पायऱ्या, आणि घरांच्या माथ्यावर असा सरळ उभा कातळ की दुपारी तीनलाच ऊन मावळते. सरकारने त्या गावाला काही दिले नाही असे मी कोठेही लिहिलेले नाही आणि लिहिणार नाही. पिण्याचे पाणी बोटीने येते. दवाखान्याच्या दोन खोल्या आहेत, त्यात लिसी सिस्टर बाराही महिने राहतात. औषधे येतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, त्यांच्याबरोबर समाजकल्याण विभागाच्या बाई येतात आणि दारोदार जाऊन म्हाताऱ्यांची, अपंगांची, विधवांची चौकशी करतात. सालिमचाचांच्या आंधळ्या आईसाठी याच बाईंनी चाकांची खुर्ची मिळवून दिली होती. ती गोष्ट तू मला किती रंगवून सांगितली होतीस! खुर्ची उत्तम, गादी मऊ, चाके चकचकीत, आणि गावात चाक फिरेल अशी चार हात सपाट जागा नाही. पंधरा दिवस म्हातारी त्या खुर्चीत दारात बसून राहिली. मग तिनेच तुला बोलावून सांगितले की हिला बोटीत ने. तू चाके काढलीस, खुर्ची बोटीच्या मधोमध बोल्टांनी आवळलीस, आणि तेव्हापासून गावातला जो कोणी आजारी पडेल तो त्या खुर्चीत बसून खाडी पार करू लागला. "राजावरी बसतत," तू म्हणाला होतास. "मी मागे उभो, माका वाटता मी रथ हाकतंय."

हे सगळे देणे एका बोटीवर चालत होते, आणि ती बोट दोन इंजिनांवर चालायला हवी होती. त्यांतले एक बंद पडले. बोट चालवण्याचे काम ज्या कंत्राटदाराकडे होते, त्याच्या साहेबाला तू सात वेळा सांगितलेस. सातही वेळा इन्शाल्ला. उरलेल्या एका इंजिनाला तू माणसासारखे सांभाळलेस, आणि त्या इंजिनाचा मला हेवा वाटायचा. शमाल सुटला की एका इंजिनावर खाडीबाहेर जाता येत नसे. डॉक्टरांचा फेरा चुके. समाजकल्याणच्या बाईंचे कागद ओल्या पिशवीत तसेच परत जात. लिसी सिस्टर गोळ्या मोजून वाटत.

मग सालिमचाचांच्या सुनेचा प्रसंग झाला. तो तू मला या माझ्याच खोलीत, याच चटईवर बसून सांगितलास. दुपारी कळा सुरू झाल्या. सिस्टरांनी तपासून सांगितले की मूल आडवे वाटते, मोठ्या इस्पितळात न्यायला हवे. वारा होता, पण तू बोट काढलीस. खाडीचे तोंड आले, जिथे दोन्हीकडचे डोंगर संपतात आणि उघडा समुद्र सुरू होतो, आणि तिथे इंजिनाने दम टाकला. सून त्या खुर्चीचे हात धरून किंचाळते आहे, चाचा पुढच्या टोकाला बसून दुवा म्हणताहेत, सिस्टर ओरडताहेत, "दत्ताभाई, कुछ करो, बच्चा घूम गया, अब्भी आएगा!" आणि तू त्यांच्याकडे पाठ करून इंजिनात कोपरापर्यंत हात घातलेला.

"मग?" मी विचारले.

"मग काय? चेडू आधी सुरू झालां, इंजिन मागसून."

मुलगी सुखरूप होती, आणि आपण दोघे किती हसलो. हसता हसता तू थांबलास. छातीवर हात ठेवलास, डाव्या बाजूला, आणि मी समजलो की भावनेने ठेवला.

"ह्या फेरेक वाचलंव रे," तू म्हणालास. "फुडच्या फेरेचा माका माहीत नाय. सायबाचा नाव सोड. वरती अर्ज कर. मोठ्या हापिसात."

त्यासाठीच तू आला होतास. फेरीबोट, मग बस, असा दिवसभराचा प्रवास करून, दोन दिवसांसाठी. शुक्रवार आणि शनिवार. आणि त्या दोन दिवसांत आपण जे भांडलो ते भांडण अजून अर्धेच आहे. तुझी बाजू मला जशीच्या तशी पाठ आहे.

"लिव. एक इंजिन मेला, दुसरा म्हातारा झाला. नवीन देवा, नायतर माणसां मरतली. खलास."

"असा अर्ज नसतो, दत्ताराम. आधी मायना. मग विनम्र निवेदन. मग गावाची परिस्थिती, सरकारच्या उपकारांची जाण, आणि त्यानंतर विनंती."

"सलामाक अर्धा पान, आणि इंजिनाक एक ओळ? वकीलानू, सायब सलाम वाचूनच दमतलो. इंजिनापर्यंत पोचाचोच नाय."

"कार्यालयाची एक रीत असते."

"समुद्राचीव आसता."

मी तुझे ऐकले नाही. मी कच्चा मसुदा मराठीत लिहिला, चांगला दोन पाने. अर्जदार म्हणून सालिमचाचांचे नाव घालायला हवे होते. गाव त्यांचे, देश त्यांचा, शब्दाला वजन त्यांच्या. मी तुझे नाव घातले. का घातले ते सांगतो, कारण आता काही लपवण्यात अर्थ नाही. हा अर्ज आपल्या माणसाने केला आणि त्यामागे विश्राम राऊळचे डोके होते, हे दार्सैतपासून रुवीपर्यंत लोकांनी म्हणावे, असे मला वाटले.

मसुदा संपत आला तेव्हा तू खाली मान घालून म्हणालास, "शेवटाक माझी एक ओळ घाल रे."

रे आले, म्हणजे चेष्टा संपली हे मला कळायला हवे होते.

"माझ्या छातीत कळ मारता. दोनदा झाली. डाक्टर सांगता, चार दिवस मस्कताक जा, सगळा तपासून घी. पण मी गेलंय तर इंजिन कोण बघतलो? म्हणान, म्हयनाभर बदली मेकॅनिक देवा. इतक्याच लिव."

मी ती ओळ लिहिली. तुझ्यासमोर लिहिली, तू वाकून वाचलीस, आणि तुझा चेहरा सैल झाला. मग तू आंघोळ करून कृष्णमंदिरात गेलास. त्या दिवशी शनिवार होता. एका रात्रीचा प्रश्न होता. रविवारी तपासणीचे विभाग उघडतात, तेव्हा सकाळपर्यंत थांब, आपण दोघे जाऊ, एवढे वाक्य मला सुचले नाही. ज्याला दोन पाने निवेदन सुचते त्याला ते सुचले नाही.

तू मंदिरात असताना मी मसुदा, हिंदीत समजावून अरबीत करून घ्यायला, टंकलेखकाकडे नेला. देण्याआधी पुन्हा वाचला आणि तुझी ओळ मला खटकली. माझा एक नियम आहे आणि तो मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो : एका अर्जात एक विषय. सार्वजनिक गाऱ्हाण्यात वैयक्तिक गाऱ्हाणे आले की अर्ज कमजोर होतो, साहेबाला वाटते की याला स्वतःची रजा हवी आहे आणि इंजिन हे निमित्त. असे मी मानत होतो. मी लाल पेन घेतले आणि ओळीवर रेघ ओढली. मनात म्हटले, याचा स्वतंत्र अर्ज पुढच्या आठवड्यात करू, मस्त करू. दत्ताराम, तो पुढचा आठवडा मी आजपर्यंत उगवू दिला नाही.

तू परत आलास. कपाळाला गंध, हातात माझ्यासाठी प्रसादाचा पेढा. बस सुटायला अर्धा तास होता. छापलेला अरबी कागद मी तुझ्यापुढे ठेवला. तुला अरबी वाचता येत नाही, मलाही येत नाही. तिथे राहून तुला बोलता मात्र छान येत होते. तू सही केलीस, ठसठशीत, एकेक अक्षर सुटे. मग कागद उचललास, उजेडात धरलास, आणि अगदी तळाच्या ओळीवर ते बोट ठेवलेस.

"ही माझी ना?"

मी म्हणालो, "होय."

ती ओळ अशी होती : आपल्या उत्तराची आम्ही सन्मानपूर्वक प्रतीक्षा करीत आहोत.

का म्हणालो? सोळा दिवस मी स्वतःची उलटतपासणी घेत आहे. बस चुकेल म्हणून? पुन्हा वाद नको म्हणून? नाही. नाही म्हणालो असतो तर तू कारण विचारले असतेस, मी नियम सांगितला असता, आणि तू हसून म्हणाला असतास की वकीलानू, माझी छाती आणि बोटीचो इंजिन ह्यो एकच विषय नाय काय? आणि ते खरे होते. बोटीला इंजिन एक, इंजिनाला माणूस एक, आणि तो माणूस आतून बिघडलेला. एकच विषय होता. सातवी शिकलेल्या माणसाला तो दिसत होता. मला दिसला नाही, आणि मला न दिसल्याचे तुझ्यासमोर उघडे पडू नये, एवढ्यासाठी मी होय म्हणालो.

तू कागदावरून बोट उचललेस आणि माझ्या खांद्यावर थोपटलेस. "बरां झाला," म्हणालास. सदऱ्यावर थोडे ग्रीस लागले. तो सदरा मी धुतलेला नाही.

त्यानंतर तुझा दर शुक्रवारी फोन यायचा. उंचावरच्या त्या एकाच दगडावर चढून, जिथे फोन लागतो. मी दम लागलेला ऐकायचो आणि म्हणायचो चढ असेल.

"इलो नाय अजून बदली माणूस."

"येईल."

"येतलो मरे. सरकारी काम हा, वेळ लागतलोच. तू लिवलंस म्हणजे येतलो."

हे 'येईल' मी एकदा नाही म्हटले, चार शुक्रवार म्हटले. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितले की इंजिन मंजूर झाले की सगळेच सुटेल.

त्या मंगळवारचे जे मला माहीत आहे ते लिसी सिस्टरांनी फोनवर सांगितलेले आहे. तू दवाखान्याच्या पायरीवर चहा पीत होतास आणि कप खाली ठेवता ठेवता कलंडलास. सिस्टरांनी जिभेखाली गोळी दिली, सुई दिली, वरच्या डॉक्टरांना फोन लावला. ताबडतोब आणा, म्हणाले. वाऱ्यामुळे हवेतून मदत यायला वेळ लागणार होता. सालिमचाचा आणि आणखी दोघांनी तुला उचलून त्या खुर्चीत बसवले. ज्या खुर्चीला बोल्ट तू आवळले होतेस. इंजिन सुरू होईना. ते फक्त तुझ्या हाताला ओळखायचे. चाचा दोरी ओढून ओढून थकले, आणि तू खुर्चीतून, डोळे मिटलेले, त्यांना सांगत होतास, "चाचा, नली पे रबर का फुगा है, उसको दबाओ. शोय शोय. जोर से नहीं. शोय शोय." चाचांनी हळूहळू फुगा दाबला. इंजिन लागले. खाडीच्या तोंडापर्यंत बोट पोचली तेव्हा सिस्टरांनी तुझी नाडी पाहिली आणि चाचांना सांगितले की आता जोराने नेण्याची गरज नाही. चाचांनी तरीही नेली. पूर्ण वेगाने, रडत, एका इंजिनावर.

मग सिस्टरांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

"भैया, मैं कितना झगडा किया उससे. बोला, जाओ, चेक कराओ. वो रोज बोलता था, सिस्टर, आदमी आने वाला है, अर्जी में लिखा है. आदमी आएगा तो जाऊंगा. किदर है वो आदमी?"

मी फोन ठेवला. माझ्या हातून आजवर ठेवला गेलेला तो सर्वांत असभ्य फोन होता.

तुझी शवपेटी गावी गेली. तुझे तेरावे झाले. मी इथे कृष्णमंदिरात जाऊन तुझ्या नावाने दिवा लावला, आणि कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून मागच्या बाजूने बाहेर पडलो. पण घरी बसवेना. निदान अर्ज तरी जिवंत असेल, इंजिन तरी येईल, असे मनात धरून परवा टॅक्सी केली आणि अल् खुवैरला त्या मोठ्या कार्यालयात गेलो. इतकी वर्षे अर्ज लिहिले, पण अर्जाच्या मागोमाग स्वतः खिडकीपाशी मी कधी गेलो नव्हतो. अर्जदार जातात. मी टेबलाशी बसतो.

खिडकीत एक तरुण होता, पांढरी स्वच्छ पायघोळ दिशदाशा, डोक्याला टोपी, हिंदी बरी बोलणारा. त्याने कागद शोधले.

"अर्जदार किदर है, बाबा?"

"मयत," मी म्हणालो, मग भानावर येऊन, "गुजर गया."

तो खुर्चीतून उठला. अल्ला यरहमा, म्हणाला, आणि क्षणभर उभाच राहिला. मग त्याने पाने उलटून मला दाखवले की अर्ज पडून नव्हता, इंजिनाच्या पाहणीचा शेरा मारून पुढे गेला होता. परंतु शेवटचे पान त्याने आताच पाहिले : कंत्राटदाराकडून तू वारल्याचे कळल्यावर फाईल बंद झाली होती, नियम तसा आहे. कोणी दुसरा अर्जदार झाला तर तो स्वतः ती पुढे नेईल. फार अदबीने बोलत होता. मी तिथेच आभार मानून निघायला हवे होते. माझ्याच्याने निघवेना. मी विचारले, यात मेकॅनिक आजारी आहे असे एका ओळीत लिहिले असते तर?

त्याने भुवया उंचावल्या. "बाबा, इंजिन का पेपर टाइम लेता है. बीमार आदमी का पेपर हम उसी दिन भेजता है. उसी दिन."

दत्ताराम, त्या कार्यालयाच्या बाहेर गाड्या लावायची मोठी जागा आहे. सावली नाही. मी किती वेळ तिथे उभा होतो मला सांगता येणार नाही. एका ड्रायव्हरने पाण्याची बाटली हातात दिली, तेव्हा मी हललो.

खोलीवर आलो तर सुनंदावहिनींचा फोन. तुझ्या घरून, तुझ्या नंबरच्या खाली मी ज्यांचा नंबर लिहून ठेवला आहे. त्या रडत नव्हत्या. रडणे संपल्यानंतरचा तो कोरडा आवाज होता.

"भावजी, एक इचारायचा होता. ह्येंनी माका सांगलेल्यांनी, वकीलान माझाय लिवल्यान, माणूस येतलो, मगे मी तपासणीक जातलंय. त्या अर्जाचा काय उत्तार इला काय? आता उपेग नाय, माका माहीत आसा. पण इला आसात तर माका वाचून दाखवा. काय लिवलेला तां तरी आयकूदे."

मी सांगितले, "पाहतो, वहिनी."

त्यांना ऐकायची आहे ती ओळ कोठेच नाही. माझ्या कच्च्या मसुद्यात लाल रेघेखाली आहे फक्त. तो शेवटचा महिना तुझ्या बायकोने गावी त्या ओळीच्या भरवशावर काढला. तू स्वतः काढलास. सिस्टरांनी तुझ्याशी भांडायचे सोडून दिले ते त्या ओळीवर विसंबून. एका नसलेल्या ओळीवर इतकी माणसे उभी होती, आणि ती नाही हे जगात फक्त मला माहीत होते.

तुझ्याबद्दल कृतज्ञता लिहायची राहिली. स्मृतिलेखात ती असावी लागते, आणि ती माझ्यात आहे, पण बाहेर काढायला गेलो की आधी हे बाहेर येते. तू माझ्या लांबलचक मायन्यांवर हसलास, पण आपल्या माणसांत मला वकील म्हणून मिरवलेस. तू आलास की माझ्या खोलीतला पंखा दुरुस्त व्हायचा, नळ गळायचा थांबायचा, आणि तू गेल्यावर महिनाभर कशाची करकर ऐकू येत नसे. आता पंखा पुन्हा वाजतो आहे. मी तो बंद करून घामात बसलो आहे.

काल सालिमचाचांशी बोललो. त्यांना सर्व सांगितले. हिंदीत, तुटक, जसे जमले तसे. ते म्हणाले, "लिख. मेरा नाम डाल. और दत्ता का बात भी डाल." एवढेच. ना दोष, ना सांत्वन.

म्हणून आज मी टेबलाशी बसून नवा अर्ज लिहिला. मायना दोन शब्दांचा आहे. त्याखाली ताबडतोब इंजिन. तुझे वाक्य जवळजवळ तसेच घातले आहे, फक्त मराठीकरण करून. त्याखाली, त्याच अर्जात, माझा नियम मोडून, दुसरी ओळ : बोटीला मेकॅनिक एक नसावा, दोन असावेत, कारण मेकॅनिकच्याही छातीत कळ येते. टंकलेखकाला मी सांगितले, ही ओळ अरबीत करून मला मोठ्याने वाचून दाखव, आणि तिचा अर्थ हिंदीत सांग. त्याने दोनदा सांगितला. मग मी तिच्यावर स्वतःचे बोट ठेवले आणि विचारले, हीच ना? तो म्हणाला, हीच. मी तिसऱ्यांदा विचारले.

अर्जदार क्रमांक एक, सालिमचाचा. अर्जदार क्रमांक दोन, मी. पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने अर्ज करीत आहे. छापील नमुन्यात अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध, असा रकाना असतो. दुसऱ्यांसाठी मी तो डोळे मिटून भरत आलो. पती, पिता, कर्मचारी, रहिवासी. आज पेन हातात धरून बसलो आणि मग भरला. वरच्या कोऱ्या जागेतही तेच समजावे.

लेखकाचा प्रकरणाशी संबंध : मयताची ओळ गाळणारा, आणि ती आहे असे त्यास सांगणारा.

याची एक प्रत, कच्च्या मसुद्यासह, लाल रेघेसह, सुनंदावहिनींना पाठवीत आहे. त्यांना जे वाचून दाखवायचे ते मी फोनवर स्वतः वाचून दाखवीन. मालवणीत.

सबब, दत्ताराम, विनंती अशी की प्रकरणाचा निकाल तू द्यावास. सौम्य देऊ नकोस. मला एवढेच विचारायचे आहे की त्या शनिवारी, कागद उजेडात धरून तू माझ्या तोंडाकडे पाहिलेस, तेव्हा तुला कळले होते काय? कळूनही तू खांद्यावर थोपटलेस काय? उत्तर कसेही यावे, शिव्यांत आले तरी स्वीकारीन. ही ओळ तुझी आहे, तळाची, आणि या वेळी तिचा अर्थ मला माहीत आहे : आपल्या उत्तराची प्रतीक्षा करीत आहे.

विश्राम राऊळ,
अर्जदार.